वजनकाटा विकायला काढू नका

"आता शेतात चाचण्या घ्यायची गरजच नाही! बियाण्याचा डीएनए बघून एआय ९८ टक्के अचूक उत्पन्न सांगतं. डीप लर्निंगपुढे जुनं संख्याशास्त्र बाद. नवा वाण काही महिन्यांत!" हा फॉरवर्ड मी दोनदा न वाचता सोडून दिला होता. काल तो भाचीने पाठवला. ती पीक पैदासशास्त्रात एम.एस्सी. करते. खाली एकच ओळ: "मावशी, मग मी उन्हात वजनं कशाला करत बसलेय?"

म्हणून आधी वजनांचंच घेते. मॉडेल शिकतं कशावरून? एकीकडे हजारो मार्कर, म्हणजे डीएनएमधले एकेका अक्षराचे फरक. दुसरीकडे त्याच वाणाने शेतात दिलेलं उत्पन्न. हे उत्पन्न आकाशातून पडत नाही. कुणीतरी प्लॉट कापतं, मळणी करतं, दाण्यातला ओलावा मोजतं, मग वजन घेतं. एकच वाण तीन प्लॉटांत लावला तरी तीन वेगळी वजनं येतात, कारण एका कोपऱ्यात पाणी साचतं आणि दुसरीकडे माती उथळ असते. पाऊस दगा देतो त्या वर्षी पहिला आलेला वाण पार खाली घसरतो. डीएनए तोच असतो! चाचण्याच बंद केल्या तर मॉडेलला शिकवणार काय, आणि ते चुकलं हे कळणार कसं? ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची, आणि वर तिला प्रगती म्हणायचं.

९८ टक्के कुठून आले, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. या क्षेत्रात अचूकता बहुधा अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पन्न यांच्यातल्या सहसंबंधाने मोजतात, म्हणजे दोन्ही किती जुळून वरखाली होतात त्याने (तंतोतंत जुळले तर १, काहीच नाही तर ०). तो ०.६ आला, तर वाणांमधल्या फरकापैकी साधारण ३६ टक्केच भाग पकडला गेला. निवडीला तेवढाही उपयोगी पडतो, पण त्याला "६० टक्के अचूक" म्हणणंसुद्धा चूक आहे. आकडा फारच देखणा दिसला, तर मी आधी बघते की एकाच संकरातली भावंडं मॉडेलला शिकवायच्या आणि त्याची परीक्षा घ्यायच्या अशा दोन्ही गटांत वाटली गेलीत का. तसं असेल तर पेपर आदल्या रात्रीच फुटलेला असतो.

जुनं संख्याशास्त्र बाद? अझोदी आणि सहकारी संशोधकांनी २०१९ मध्ये ६ वनस्पतींच्या १८ गुणधर्मांवर अंदाज बांधायच्या १२ पद्धती ताडून पाहिल्या. डीप लर्निंग ज्यावर उभं आहे ते न्यूरल नेटवर्क एकाही गुणधर्मात पहिलं आलं नाही. वाण शेकड्यांत आणि मार्कर हजारोंत असले की मोठं नेटवर्क पाठांतर करत सुटतं. शिवाय उत्पन्नासारखा गुण बऱ्याच अंशी असंख्य बारीक परिणामांच्या बेरजेतून घडतो, आणि ती बेरीज जुन्या संख्याशास्त्रातलं साधं रेषीय समीकरण छान करतं. विदा भरपूर असेल, सोबत हवामान आणि ड्रोनची छायाचित्रं असतील, तर डीप लर्निंग पुढे जाऊ शकतं. तेवढं मान्य.

वेगाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या संशोधकांनी मांडलेल्या जनुकीय निवडीमुळे, म्हणजे मार्करवरून अंदाज बांधून निवड करण्यामुळे, रोपावस्थेतच छाटणी करता येते, पीक तयार होईपर्यंत थांबावं लागत नाही. वर्षं वाचतात. पण ती वाचवणारी कल्पना डीप लर्निंगच्या लाटेआधीची आहे, आणि निवडलेलं रोप शेवटी शेतातच तपासावं लागतं.

भाचीला उत्तर पाठवलं: वजनं चालू ठेव. पिशवीतल्या टॅगवर पेनने नको, पेन्सिलने लिही. ओल लागली की शाई पसरते. एका वाणाचा डीएनए आणि दुसऱ्याचं वजन अशी जोडी लागली, तर मॉडेल तीही इमानेइतबारे शिकेल.