फ्लायशरची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगू नका

लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाची गोष्ट अधूनमधून प्रेरणादायी मजकूर म्हणून फिरत असते. उजवा हात गेला, तीस वर्षं डाव्या हाताने वाजवलं, जिद्द सोडली नाही आणि अखेर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवलं. अशी सांगितलेली मला ती वाचवत नाही. त्याचा हात जाण्यात त्या जिद्दीचाही वाटा होता, आणि हे तो स्वतःच पुढे सांगत राहिला.

जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. नवव्या वर्षी तो इटलीत, कोमो सरोवराकाठी, आर्टुर श्नाबेल या नामवंत पियानोवादकाकडे शिकायला गेला. श्नाबेलचा गुरू लेशेटिट्स्की, त्याचा गुरू चेर्नी आणि चेर्नी थेट बेथोव्हनचा शिष्य! घराणं मानणाऱ्या आपल्या मंडळींना याचं मोल वेगळं सांगायला नको. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वादन, १९५२ मध्ये ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला. मग संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बेथोव्हनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही पियानो कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) त्याने ध्वनिमुद्रित केले. त्यातला ब्राम्सचा पहिला एकदा तरी ऐका. त्यातला जोर आरडाओरड्याचा नाही, सूर न् सूर कुठे निघालाय ते कळतं.

१९६४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप तळव्याकडे वळायला लागल्या. क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर सोव्हिएत रशियाचा मोठा दौरा तोंडावर होता. हात ऐकेना, म्हणून त्याने सराव कमी नाही केला, वाढवला. तासन्‌तास. बोटं आणखी वळली. दौऱ्यावर त्याच्याऐवजी दुसरे वादक गेले.

या आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. बिघाड स्नायूंत नसतो, मेंदूत असतो. एकेका बोटाचा मेंदूतला हिशेब वेगळा असतो. अतिसूक्ष्म हालचाली वर्षानुवर्षं घोटताना तो एकमेकांत मिसळतो आणि एक बोट हलवायला जावं तर दुसरंच आखडतं. प्रकृतीचा कलही लागतो, त्यामुळे प्रत्येकाला होईल असं नाही, पण शंभर व्यावसायिक वादकांत साधारण एकाला होतो असं मानतात. बऱ्याचदा दुखत नाही. म्हणूनच वादकाला वाटतं, आपलाच रियाज कमी पडतोय. त्या काळी तर डॉक्टरांनाही नीट उमगत नव्हतं. फ्लायशरला त्याच्या आजाराचं नाव कळायलाच कित्येक वर्षं गेली. मधल्या काळात जीव द्यायचे विचारही त्याच्या मनात येऊन गेले.

आपल्याकडे बोटांतून रक्त येईपर्यंत केलेल्या रियाजाच्या कथा किती कौतुकाने सांगतात! सतारीने बोटांना पडणारे घट्टे समजू शकतो, ते वाद्याचं देणं आहे. पण तबला शिकणाऱ्या मुलाने ‘मनगट आखडतंय’ म्हटल्यावर ‘अजून बस, सुटेल’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी मला फ्लायशर आठवतो. अशाने मुलं तक्रार करणंच बंद करतात. मोठे वादक तर हाताचं दुखणं कुणाला कळूच देत नाहीत. कळलं तर कार्यक्रम मिळणार नाहीत ही भीती.

खरं म्हणजे सांगण्यासारखी आहेत ती मधली तीस वर्षं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाइन या पियानोवादकाने मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी रचना लिहवून घेतल्या होत्या. त्यातला राव्हेलचा कॉन्चेर्टो फ्लायशरचा आधार झाला. हिंडेमिथ या संगीतकाराने लिहिलेली रचना तर विटगेनश्टाइनने कधी वाजवलीच नाही, ती कागदांत पडून राहिली. २००४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ती जगात पहिल्यांदा वाजवली फ्लायशरने! शिवाय तो ऑर्केस्ट्राचं संचालन करायला लागला आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत महाविद्यालयात शिकवत राहिला. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जॉनथन बिस हे सगळे नावाजलेले पियानोवादक त्याचे शिष्य. स्वतः वाजवून दाखवता येईना, तेव्हा शब्दांत सांगावं लागलं, आणि त्यामुळे आपण जास्त चांगले शिक्षक झालो असं तो म्हणत असे. मला हे दोन हातांच्या पुनरागमनापेक्षा मोठं वाटतं.

ते पुनरागमनही चमत्कार नव्हता. १९९० च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि खोलवरचं मालिश यांनी बोटं सैल झाली. आजार गेला नाही. इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत. २००४ च्या ‘टू हँड्स’ या अल्बममध्ये शूबर्टची शेवटची सोनाटा (एकट्या पियानोसाठीची मोठी रचना) आहे, तीही ऐका. २०२० मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, तो गेला.

तुमच्या क्लासमधल्या कुणाचं बोट ऐकेनासं झालं असेल तर आधी वाद्य बाजूला ठेवायला सांगा. आणि हाडांच्या डॉक्टरकडे उत्तर मिळालं नाही तर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. जाताना वाद्य बरोबर न्या, कारण हा त्रास बरेचदा वाजवतानाच दिसतो. नुसता हात तपासला तर सगळं ठीक वाटतं.