खुलासा : सुई दिलेली घोडी लाथ मारत नाही?

ग्वाल्हेरच्या घोडेवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतो आहे : ‘गर्भतपासणीआधी गुंगीची सुई द्या, मग खोडा नको, सुई नसेल तर ट्विच आवळून ठेवा.’ ही तपासणी घोडीच्या गुदाशयात हात घालून करतात. खोडा म्हणजे घोडी उभी करायची फळ्यांची चौकट, ट्विच म्हणजे ओठ आवळायचा दोरीच्या फासाचा दांडा. दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत.

झायलाझिन किंवा डेटोमिडिन या गुंगीच्या औषधांनी घोडी मान टाकते, सुस्त दिसते. पण मागून अचानक स्पर्श झाला तर नेम धरून लाथ मारू शकते. सुई दिली तरी खोडा हवाच. मागची फळी मांडीच्या मध्यापर्यंत. त्याहून उंच असेल आणि घोडी खाली बसली, तर डॉक्टरांचा हात फळीवर मोडतो. फळीची कडी एका झटक्यात सुटणारी असावी.

ट्विच फक्त वरच्या ओठाला, कानाला कधीच नाही. पाचेक मिनिटे गुण येतो, नंतर तीच घोडी उसळते. म्हणून सगळी तयारी झाल्यावरच लावावे.

मोतद्दाराने, म्हणजे घोडी धरणाऱ्याने, डॉक्टरांच्याच बाजूला उभे राहावे : घोडी बिथरली की तो तिचे डोके आपल्याकडे ओढतो, आणि पुठ्ठा डॉक्टरांपासून दूर जातो. शिंगरू असेल तर ते तिच्या नजरेसमोर ठेवा. अर्धी धडपड तिथेच थांबते.

खरी भीती लाथेइतकीच गुदाशय फाटण्याची. आधी लीद पूर्ण काढायची, वंगण सढळ हाताने वापरायचे, आणि घोडीने कुंथून जोर लावला की हात सैल सोडायचा. जोराला जोर लावला की आतडे फाटते. हातमोज्यावर ताजे रक्त दिसले तर तपासणी तिथेच बंद, आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांनी लगेच पाहायचे, उद्यावर टाकायचे नाही.