रिव्ह्यूला उत्तर: मासोळीसाठी लटकता काटा का दिला नाही

नमस्कार भाऊ, तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलं की मासोळी मोजायला हुकाचा डिजिटल काटा मागितला तर आम्ही दिला नाही, अन् ऑनलाइन स्वस्तात भेटते ते सोडून महागाचा प्लॅटफॉर्म काटा गळ्यात मारून राहिलो होतो. दिला नाही हे खरं आहे. काहून नाही दिला ते इथं लिहितो, दुसऱ्यांच्याही कामी येईल.

तुम्ही स्वतः गळ टाकून एखादा रोहू धरला अन् किती भरला ते पाहायचं असेल तर हुकाचा काटा चालते, खुशाल न्या. पण तुम्ही म्हणाले मामा तलावावर (जुन्या मालगुजारी तलावावर) ढिवर भावांकडून, म्हणजे मासोळी धरणाऱ्यांकडून, माल विकत घ्यायचा आहे, म्हणजे वजनावर पैसा ठरणार. अशा काट्याला वैधमापन कायदा 2009 लागते, पडताळणीचं सील पाहिजे अन् इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी परत तपासून घ्यावा लागते. बिना सीलचा काटा मी धंद्यासाठी देत नाही, कोणालाच नाही.

अन् आकडा 10 ग्रॅमने सरकते म्हणजे वजनही 10 ग्रॅमपर्यंत बरोबर, असं नसते भाऊ. क्रेट हुकाला लटकवला, मासोळी फडफडून राहिली, वारा सुटला, आकडा थांबत नाही अन् होल्ड झाला, म्हणजे काट्यानं आकडा गोठवून ठेवला, तर कोणत्या झोक्यावर झाला ते ना तुम्हाला कळते ना विकणाऱ्याला. त्या माणसानं पहाटे पाण्यात उतरून जाळं ओढलेलं असते, त्याची मजुरी अशा आकड्यावर ठरू नये असं मला मनापासून वाटते.

आम्ही दाखवलेला काटा 50 किलोपर्यंतचा, 5 ग्रॅमने सरकणारा, क्लास तीन (काट्याच्या अचूकतेचा दर्जा) होता. त्याच्या पाटीवर कमीत कमी 100 ग्रॅम लिहिलं आहे, म्हणून पाव किलो झिंगेही त्यावर आरामात मोजता येतात. 100 किलोचा, 10 ग्रॅमवाला घेतला तर कमीत कमी 200 ग्रॅम होते, त्याहून कमी झिंग्याला तो कामाचा नाही. महागाचाच विकायचा असता तर तो 100 किलोवालाच पुढं केला असता ना.

पाण्याचंही पाहा. काट्यावरचा आयपी आकडा धूळ-पाणी किती रोखते ते सांगते: आयपी 65 म्हणजे पाण्याची धार सोसते, आयपी 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. किराण्याचा साधा काटा पाळीवर ठेवला तर लोडसेलमध्ये (वजन ओळखणाऱ्या आतल्या भागात) ओल जाते अन् मग आकडा हळूहळू सरकत राहते. काटा कोणताही घ्या, तो मासोळीसोबत पाणीही मोजते, म्हणून जाळीच्या क्रेटमध्ये माल थोडा निथळू द्या, रिकामा ओला क्रेट ठेवून टेअर दाबा म्हणजे क्रेटचं वजन वजा होते, अन् पाळीवर काटा सपाट आहे का ते दाखवणारा त्याच्यावरचा बुडबुडा मधात आला का ते पाहूनच मोजा.

अजूनही घ्यायचा असेल तर तुमचा क्रेट घेऊन या, आमच्या सीलच्या वजनांवर तुमच्यासमोर दोन्ही काटे लावून दाखवतो. ज्यांच्याकडून माल घेता त्यांनाही सोबत आणा.