'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' म्हणजे कोण?

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातल्या एका मुलाला लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचं 'फ्रेंड्स' ऐकवलं. तिसऱ्या अल्बमवरचं नाही, मुंबईत झालेलं. तबला, सारंगी, व्हायोलिनं. मिनिटभर ऐकून म्हणतो, "भारी आहे. एआयने बनवलंय ना?"

तेव्हापासून डोकं तापलंय.

माणसांनी वाजवलंय रे ते! इथे, आपल्या मुंबईत, १९७२ साली. बँडचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट इथे आले, इथलेच वादक घेतले आणि स्वतःची दोन गाणी नव्याने वाजवून घेतली: 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. यातलं दुसरं गाणं मूळ रेकॉर्डवर त्यांचा ड्रमर जॉन बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन स्टिक्स धरून बडवलंय. मुंबईत बॉनम नव्हताच, त्याचं काम तबल्याने केलं. आणि हे 'फोर स्टिक्स' मधूनमधून चालतं पाचाच्या वजनात. रॉक ऐकणाऱ्यांची मान तिथे हमखास चुकते. झपतालात, म्हणजे पाच-पाच मात्रांच्या दोन भागांच्या तालात, हात मुरलेल्याला पाच म्हणजे घरचं अंगण. हेडफोन लावून ऐका एकदा.

मग ती टेप पडून राहिली. चोरट्या कॉप्या तेवढ्या शौकिनांत फिरायच्या, कॉपीची कॉपी, खरखरीसकट. अधिकृतपणे ती बाहेर आली २०१५ मध्ये, त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. ४३ वर्षांनी. आणि गाण्याच्या नावापुढे कंसात काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. आज मोबाइलवर गाणं लावलं तर वादकांबद्दल एवढंच दिसतं.

आमच्या गिरगावातल्या चाळीत शेजारी एक काका होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. रेडिओवर एखादं गाणं लागलं की मधल्या म्युझिकला हात वर करायचे, "थांब, आता आम्ही." आणि तो तुकडा गाण्याच्या अर्धा सेकंद आधी स्वतः गुणगुणायचे. मी एकदा रेकॉर्डचं कव्हर उलटसुलट करून विचारलं, "काका, तुमचं नाव कुठाय?" काकू आतून म्हणाल्या, "पाकिटात." म्हणजे शिफ्ट संपली की जे पाकीट मिळायचं, त्यावर.

हिंदी सिनेमाचं सगळं संगीत अशा लोकांनी उभं केलं. गोव्याचे व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले, आपले ढोलकीवाले, सारंगीये. संगीतकाराचं नाव ठळक, गायकाचं ठळक, आणि हे सगळे मिळून 'ऑर्केस्ट्रा'. त्यामुळे १९७२ ला दोन गोरे आले तेव्हा त्यांनी काही वेगळं केलं असं नाही, जी रीत आपल्याकडे होती तीच त्यांनी उचलली. हे लिहिताना जास्त राग येतोय. त्यांच्यावर कसला राग काढू, आपणच आपल्या माणसांची नावं लिहीत नव्हतो!

हो, पेजने ती टेप जपली म्हणून आज ऐकायला मिळते, हे मान्य. आपल्याकडे राहिली असती तर तिच्यावर कुणी दुसरंच काही रेकॉर्ड केलं असतं. तेही मान्य.

पण नावं? बासरीवादक विजय राघव राव यांनी वादक जमवले, असं सांगतात. बाकीचे? तो तबला कुणाचा? मी सारंगीचा तो तुकडा कितीदा मागे नेऊन ऐकलाय. तिथे कुणीतरी खुर्चीवर टेकून बसलाय, त्याला हे गाणं त्या दिवसापर्यंत माहीत नाही, आणि तो ते दोन-तीन आवर्तनांत स्वतःचं करून टाकतो. म्हणून मला डेमो आवडतात, अर्धवट टेक आवडतात, कपाटात राहिलेलं सगळं आवडतं. त्यात माणूस चाचपडताना ऐकू येतो. यंत्राला हे जमेल म्हणणाऱ्याने आधी ते नीट ऐकावं.

काका गेले तेव्हा त्यांच्या डायऱ्या होत्या. लहान, काळ्या, दर वर्षाची एक. तारीख, स्टुडिओ, संगीतकार, शिफ्ट, पैसे. फेमस, फिल्म सेंटर, मेहबूब, सगळं त्यात. कुठल्या गाण्यात कोण शेजारी बसला होता तेही लिहिलेलं असायचं, मी पाहिलंय. चाळ रिकामी करताना त्या रद्दीत गेल्या. काकूंना काय बोलणार, दोन खोल्यांचा संसार ट्रान्झिट कॅम्पच्या एका खोलीत बसवायचा होता त्यांना. त्या डायऱ्या गेल्या याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तर माझ्या मित्रयादीत दादर, गिरगाव, वांद्रे, माहीमचे बरेच जण आहेत. तुमच्यापैकी कुणाचे वडील, आजोबा, मामा सत्तरच्या दशकात मुंबईत रेकॉर्डिंगला वाजवत असतील, तर आज घरी जाऊन विचारा. हयात असतील तर त्यांना हे 'फ्रेंड्स' लावून द्या. नसतील तर माळ्यावरची ट्रंक उघडा. डायरी सापडली तर १९७२ चं पान काढा, फोटो काढून मला पाठवा. अक्षर लागत नसेल तरी पाठवा, मी बसून लावेन.