माझ्या रिपोर्टातल्या म्हशी

आमच्या कोल्हापुरात कर्जाला जामीन थेट कुणी मागत नाही, त्याला एक पद्धत आहे. आधी फोन येतो, "कुठं हाईस भावा?" मग मिसळ. कट दोनदा मागवला जातो, पैसे तोच देतो, गल्ल्यावर तुमचा हात धरून देतो, आणि चूळ भरता भरता म्हणतो, "ते बँकेत जरा एक सही पाहिजे हुती." आता तोंड भाजलेलं, नाकातनं पाणी, अशा माणसाला कायदा आठवतोय व्हय? तो मान डोलावतो. आमच्या तालमीतल्या पैलवानाला (आता नावाचाच पैलवान, कुस्ती सुटली, खुराक तेवढा राहिला) मी अशीच मान डोलावली होती. त्याला मुऱ्हा म्हशी घ्यायच्या होत्या, गंगावेशीत संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर उभ्या करायला. सही केली, पेढा खाल्ला, विषय संपला. असं मला वाटलं.

मग मला चारचाकी घ्यायची झाली. पगार वेळेवर, क्रेडिट कार्डाचं बिल तारखेच्या आधी भरणारा आमच्या ऑफिसात मी एकटाच, त्यावरून लोक हसतात पण. गाडीचा रंग ठरला, पहिली फेरी जोतिबाला हे ठरलं, पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून घरात भांडणंही उरकली, आणि बँकेतनं मेसेज आला. मेसेज इंग्रजीत आणि इतका सभ्य की पहिल्यांदा वाचून मला वाटलं मंजूरच झालं, मी सासऱ्यांना फोन करून सांगूनसुद्धा टाकलं. 'रिग्रेट' हा शब्द खाली कुठंतरी कोपऱ्यात होता.

बँकेत गेलो. साहेब कॉम्प्युटरकडं बघत म्हणाले, "तुमचं सिबिल बसत नाही." कुठं बसत नाही, का बसत नाही, कधी बसेल, काही नाही. पुढच्या माणसाला "या" म्हणाले.

ही बातमी कट्ट्यावर पोचायला वेळ लागला नाही आणि पोचल्यावर प्रत्येकाकडं उपाय तयार होता. एक म्हणाला सिबिलचं हापीस मुंबईत हाय, तिथं आपल्या गडहिंग्लजकडचा एक साहेब हाय, त्याला गाठ. दुसऱ्याच्या ओळखीचा कुणीतरी पैसे घेऊन सिबिल 'वर करून' देतो म्हणे. भाचा म्हणाला, मामा टेन्शन घेऊ नका, धा ॲपवर एकदम अर्ज टाकू, कुठलं तरी एक लागंलच. आणि दाजी, जे क्रेडिट कार्डाची थकबाकी निम्म्या पैशात मिटवल्याचं गेली कित्येक वर्षं रंकाळ्यावर फिरताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ते म्हणाले, बँकेला घाबरायचं नसतं.

शेवटी माझा एक मित्र सहकारी बँकेत आहे, त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, सिबिल कुणालाच कर्ज नाकारत नाही रे, त्यांना ते करायचा अधिकारच नाही. ती आपली नोंदी ठेवणारी कंपनी, २००० साली निघाली, २००५ मध्ये तसला कायदा झाला, आणि आता अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका तुझी माहिती त्यांना पाठवतात, पूर्वी महिन्यानं पाठवायच्या, २०२५ च्या जानेवारीपासून निदान पंधरवड्याला. त्यावरनं ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो, ७५० च्या वर असला की बँकेचा साहेब खुर्ची देतो. पण हो की नाही हे ज्याची त्याची बँक ठरवते. आणि भाच्याला आवर, प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून नोंद होते, धा ठिकाणी एकदम हात पसरलेला दिसला की अकरावा म्हणतो हा गडी अडचणीत आहे. तू स्वतः आपला रिपोर्ट बघितलास तर मात्र आकडा कमी होत नाही. पैसे घेऊन वर करणाऱ्याचं तर नावच काढू नको, खरी नोंद कुणाला पुसता येत नाही आणि खोटी असेल तर ती फुकटात दुरुस्त होते. आणि आधी रिपोर्ट काढ, वर्षातनं एकदा प्रत्येक कंपनीकडनं सगळा रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासनं रिझर्व्ह बँकेनं तसा नियमच केलाय.

फुकट म्हटल्यावर आमच्या घरात उत्साह संचारला. रात्री जेवणं झाल्यावर रिपोर्ट उघडला, बायको मोठ्यानं वाचायला बसली, पोरं शेजारी. पहिली निराशा ही की त्यात माझा पगार नाही, एफडी नाही, बायकोचं गंठण नाही, मी उभ्या आयुष्यात कुणाचे चहाचे पैसे बुडवले नाहीत हे तर नाहीच नाही. फक्त कर्ज आणि कार्ड, कधी घेतलं, किती राहिलं, हप्ता किती दिवस उशिरा. त्या उशिराला डीपीडी म्हणतात, वेळेवर भरलं की ०००. आयुष्यात शून्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, माझ्या कार्डापुढं महिन्यांच्या चौकटीत ओळीनं नुसती शून्यं. बायकोसुद्धा "बरं हाय की" म्हणाली. ती असं सहसा म्हणत नाही.

मग पुढचं पान आलं. "हे शेतीचं कर्ज कुणाचं वो? आपल्याला कुंडीत तुळस जगंना."

खाली बारीक अक्षरात 'गॅरंटर'. आणि त्याच्यापुढं शून्यं नव्हती. ०३१. मग ०६१. मग परत ०३१.

सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा असतो बघा, जमीन तुमची, नाव तुमचं, पीक तुमचं आणि विकायला गेल्यावर कळतं की खाली कुणाचं तरी काहीतरी चढलंय. पैलवानाच्या म्हशी तशा माझ्यावर चढल्या होत्या. त्याचा हप्ता थकला की त्याच्या रिपोर्टात दिसतोच, जामीनदाराच्याही दिसतो. मी मित्राला फोन करून म्हटलं हा अन्याय आहे, दूध तो विकतोय. तो म्हणाला, १८७२ चा करार कायदा आहे, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे बँकेनं ठरवलं तर म्हशी सोडून सरळ तुझ्या दारात. दीडशे वर्षं झाली कायद्याला, आणि आम्ही अजून मिसळीवर सह्या करतोय.

बायको तोवर महिने जुळवत होती. ०६१ नेमका दिवाळीचा. दिवाळी! पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात, मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागनं धावत, हजारो लोक बघायला. त्या पाडव्याला पैलवानाच्या म्हशीच्या शिंगाला रंग, गळ्यात कवड्या, पाठीवर रंगानं काहीतरी लिहिलेलं, मी स्वतः शिट्ट्या मारल्या होत्या. व्हिडिओ अजून मोबाईलात आहे. ती म्हैस माझ्या सिबिलवरनं धावत गेली आणि मी शिट्ट्या मारत होतो.

"मी म्हटलो नव्हतो का," बायको म्हणाली. ती काय म्हणाली होती मला आठवत नाही, पण अशा वेळी ते विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत गेलो. पैलवान धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन पुढं आला, मी सगळं सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. एक म्हैस आटली होती, दुसरी गाभण, पेंडीचा भाव तुला ठाऊक हाय, दोन-तीन हप्ते मागंपुढं झाले, नंतर भरलं की भावा सगळं व्याजासकट, त्यात तुझं नाव कशाला घालतात ती माणसं? त्याच्या हिशोबानं उशिरा भरलं म्हणजे भरलंच. अर्ध्या कोल्हापूरचा हिशोब हाच आहे आणि तो माणुसकीला धरून आहे, पण त्या चौकटीत माणुसकीचा रकाना नाही. पैसे भरले तरी उशीर तिथंच राहतो, महिन्या-महिन्याचा इतिहास तीन वर्षांचा दिसतो. दाजींची तर अजून मजा, त्यांच्या निम्म्यात मिटवलेल्या कार्डापुढं 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' आहे, म्हणजे बँकेनं पाणी सोडलं अशी जाहीर नोंद. तेव्हापासनं ते रंकाळ्यावर राजकारणावर बोलतात.

रिपोर्टात अजून एक गंमत निघाली. मागं कधीतरी हप्त्यावर मोबाईल घेतला होता, तो फिटला, तो मोबाईल पाण्यात पडून वारला, पण त्याचं कर्ज जिवंत आणि थकीत २१२ रुपये. ही मात्र सरळ चूक, माझ्याकडं ना हरकत पत्र होतं. ऑनलाइन तक्रार टाकली, रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर घालून. कंपनी आपल्या मनानं काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते, तो हो म्हणाला की बदलते, सगळं मिळून ३० दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला, हा नियम २०२४ पासनं. हे कळल्यावर मी रोज सकाळी देवाला हात जोडून उशीर होऊ दे म्हणत होतो. मेल्यांनी वेळेत दुरुस्त केलं.

बँकेत परत गेलो तर साहेब या वेळी बोलले. म्हणाले, आकडा हळूहळू सुधारेल, तुमचे स्वतःचे व्यवहार चांगले आहेत. पण नुसत्या आकड्यावर काही नसतं, पगारातला किती भाग हप्त्यात जातो हेही बघतो, आणि तो म्हशींचा हप्ताही आम्ही तुमच्याच हिशोबात धरतो. गाडी जरा लहान घ्या, रोख जास्त भरा, मग बघू. म्हणजे माझ्या मोठ्या गाडीतली मागची सीट म्हशींनी खाल्ली.

तर आता हप्ते वेळेवर जातात. पैलवान दर महिन्याला भरल्याची पावती मला मोबाईलवर पाठवतो, खाली हात जोडलेले आणि एक म्हशीचं चित्र. रोज एक लिटर दूध घरी येतं, पैसे घेत नाही, बायको घ्यायला लावते.

परवा दूध घेऊन स्वतःच आला. बसला. घाम पुसला. म्हणाला, "वैनी, सांगलीकडं दोन म्हशी बघून आलोय, काय जात हाय म्हणून सांगू. फक्त बँकेत जरा एक..."

"चहा घ्या भावजी," बायको आतनं म्हणाली, "पेनं सगळी पोरं शाळेत घेऊन गेल्यात."