लिंबाची पानं आणि कंपाउंडची भिंत: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही माझ्या चित्रकलेच्या क्लासला दोन स्टार दिलेत. सोसायटीच्या कंपाउंडवरचं चित्र एका पावसाळ्यात सोललं, मुलीनं दोन महिने नुसती कडुलिंबाची पानं काढली, महिन्याला १,२०० रुपये जातात आणि सर फोन उचलत नाहीत, असं लिहिलंय.

भिंतीचं आधी सांगतो, कारण ती चूक माझी. कंपाउंडला आतून पाण्याचा हौद टेकलेला आहे, हे मला माहीत होतं. पण मे महिन्यात हात लावून पाहिलं तर भिंत खडखडीत कोरडी, पोरंही सुट्टीत मोकळी, म्हणून घाई केली. पुट्टी, प्रायमर, वर ॲक्रिलिक. पाऊस लागला तशी ओल चढली, आतून लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटला. ओलीला बाहेर पडायला वाट नाही, मग रंग पुट्टीसकट फुगला. बाभळीवरची सुगरणीची घरटी पोरांनी जीव लावून रंगवली होती, नेमकी तीच आधी गळाली. रंग चांगलाच होता, त्याला नावं ठेवणार नाही. हौदाचं वॉटरप्रूफिंग सोसायटीनं करून घ्यावं. दिवाळीनंतर भिंत सुकली की पुट्टी खरवडून तेवढा पट्टा मी पोरांना घेऊन चुन्यात पुन्हा रंगवून देतो, माझ्या खर्चानं.

‘अजिंठ्याची चित्रं दीड हजार वर्षं टिकली’ हा टोला बसला बरं का. पण ती डोंगराच्या पोटात आहेत. दगडावर माती, तूस आणि काड्यातंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि डोक्यावर अख्खा डोंगर. तरी तिथंही कितीतरी भाग गळून गेलाय. माझी भिंत रस्त्याकडेची, सिमेंटची. ह्या तुलनेत मी हरणारच.

पानांच्या बाबतीत मात्र तुमचं ऐकणार नाही.

पहिल्या दिवशी तुमच्या लेकीनं सगळी पोरं काढतात तीच सीनरी काढली. दोन टोकदार डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, वर नारळाचं झाड. मी विचारलं, असा डोंगर कुठं पाहिलास गं? आपल्याकडचे डोंगर काळ्या दगडाच्या थरांचे, माथ्यावर पाटासारखे सपाट. टोकदार म्हणावा तर एक देवगिरी, आणि त्याच्याही कडा माणसांनी तासलेल्या. मग तिच्या हातात अंगणातल्या लिंबाची डहाळी दिली. तीन आठवडे ती प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू सारख्या काढत होती. चौथ्या आठवड्यात पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “सर, शीर मधून जातच नाही की!” खरंच जात नाही. लिंबाचं पान बुडाशी एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला अरुंद आणि विळ्यासारखं वाकलेलं असतं. हे मी सांगितलं नव्हतं, तिनं पाहिलं. भिंतीवर फ्रेम करून लावण्यासारखं ते चित्र नाही, कबूल. तो कागद मी जपून ठेवलाय, आलात की दाखवतो.

पुढं तिला एलिमेंट्रीच्या चित्रकला परीक्षेला बसवायचंय असं तुम्हीच म्हणाला होतात. तिथं वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं. पाठ केलेली सीनरी तिथं उपयोगाची नाही.

फीमध्ये कागद आणि रंग धरलेले आहेत. हे नाव घालतानाच नीट सांगायला हवं होतं. तरीही पटत नसेल तर चालू महिन्याची फी परत घेऊन जा, मनात काही ठेवणार नाही. फोनचं म्हणाल तर ४ ते ७ क्लास असतो, हात रंगानं भरलेले असतात. रात्री उलटा फोन करायला हवा होता, तो केला नाही. चुकलंच.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पोरांना हिमायत बागेत आंब्याची जुनी खोडं काढायला नेतोय. तिला टोपी आणि पाण्याची बाटली देऊन पाठवा. तुम्हीही या, कागद माझ्याकडं जास्तीचे असतात.