महिनाभर पाण्यात राहिलेला दोर बघा
समुद्राच्या पाण्यातून युरेनियम काढण्याबद्दलच्या लेखातलं ‘एरोजेलचे छिद्रदार तंतू समुद्रात सोडले की युरेनियम आपोआप गोळा होईल’ हे वाक्य खटकलं. (एरोजेल म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला, अतिशय हलका घन पदार्थ.) एक हजार लिटर पाण्यात युरेनियम असतं जेमतेम ३.३ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर हवं तर ३० कोटी लिटर पाणी त्या तंतूंना लागून जायला हवं, तेही एक कणही न निसटता! शिवाय अमिडॉक्झिम (युरेनियम पकडून ठेवणारं रसायन) लावलेल्या तंतूंवर व्हॅनेडियम (समुद्राच्या पाण्यातला दुसरा एक धातू) आधीच जागा अडवून बसतं, त्याचा लेखात उल्लेखच नाही.

आणि शेवाळाचं काय? मुरूडला मामाच्या होडीचा दोर महिनाभर पाण्यात राहिला की हिरवा, बुळबुळीत होतो, वर बारीक कालवं चिकटतात ती वेगळीच. कोयत्याने खरवडावी लागतात. एरोजेलला कोयता कसा लावणार?